मालकम एक्सची सरकारी फाईल आणि बोळातलं झेरॉक्सचं दुकान

जाड कागदपत्रं पाठपोट छापून, शिवून, वर कापडी पाठीचा पुठ्ठा चढवून देणारी दुकानं बेळगावात आता फार उरली नाहीत. कॉलेज रोडला झेरॉक्सवाले रग्गड आहेत, पण त्यांचा सगळा जीव आधार कार्डात आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या स्पायरलमध्ये. मी ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते रामलिंगखिंड गल्लीच्या बाजूच्या एका बोळात आहे. नाव देत नाही. मालकाला विचारलेलं नाही, आणि खाली एक तक्रारही आहे. शोधणाऱ्याला सापडेल, दारातच कागद कापायचं जुनं मशीन आहे आणि गल्ल्यामागे दत्ताचा फोटो.

काम जरा वेगळं होतं म्हणून सविस्तर लिहिते. भाचा राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए. करतोय. त्याचा सेमिनारचा विषय मालकम एक्स, अमेरिकेतला काळ्या लोकांचा पुढारी. त्याच्यावर तिथल्या एफबीआयनं, म्हणजे केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेनं, बारा वर्षं पाळत ठेवली. ती फाईल आता त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळते, कोणीही उतरवून घ्यावी. हजारो पानं. भाचा मोबाइलवर बोटानं सरकवत वाचत होता आणि मला म्हणाला, "आत्या, त्यातलं टायपिंग तूच बघ, मला लागत नाही." मी शहापुरात बरीच वर्षं टायपिंग-शॉर्टहँडचे क्लास घेतले, त्याआधी एका वकिलांकडे टायपिस्ट होते. स्क्रीनवर मला काही वाचता येत नाही, डोळे चुरचुरतात. म्हणून निवडक पानं छापून दोन खंड करून घ्यायचं ठरलं.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. पेन ड्राइव्ह लावला, पानं चाळली आणि कपाळाला आठ्या.

"टीचर, ह्यात निम्मं काळंच हाय की. हे पण छापायचं?"

"सगळं."

"टोनर बसणार बघा. काळ्या पानाला जास्त लागतंय."

काळं म्हणजे खोडलेलं. माहितीच्या कायद्याखाली कागद बाहेर देताना खबऱ्यांची नावं आणि खबऱ्या ओळखू येईल असा मजकूर झाकतात. काही पानांवर तारीख आणि एखादी ओळ सोडली तर बाकी नुसता काळा ठोकळा. दुकानदारानं आधी काळेपणा कमी करून बघितला. ठोकळे राखाडी झाले, टोनर वाचला, पण फिकट कार्बन कॉपीची अक्षरं पण गेली. इथे दुसरा कोणी "असंच येणार" म्हणून मोकळा झाला असता. ह्यानं पानांचे गठ्ठे पाडले. मूळ प्रत असेल तिथे एक सेटिंग, कार्बनच्या खालच्या प्रती असतील तिथे दुसरं, वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी. हे काम बघायला डोळा लागतो. काळ्या पानांचा भाव आम्ही शेवटी नेहमीच्याच दरात तोडला, त्याच्या बदल्यात कागद मी थोडा हलका घेतला. सत्तर जीएसएम, मागची छपाई किंचित दिसते, पण वाचायला अडत नाही.

आता छापलेल्या मालाबद्दल.

फाईल सुरू होते १९५३ मध्ये, पण कारण त्याआधीचं आहे. हा माणूस १९२५ साली ओमाहात जन्मला, नाव मालकम लिटल. चोरीच्या गुन्ह्यात १९४६ ला तुरुंगात गेला, तिथे एलायजा मुहम्मदच्या नेशन ऑफ इस्लाम ह्या काळ्या मुसलमानांच्या पंथात शिरला. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं तेव्हा तुरुंगातूनच राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना पत्र लिहून मोकळा, की मी कम्युनिस्ट आहे. सरकारचं लक्ष गेलं ते ह्या पत्रानं. म्हणजे पहिला संशय वंशाचा नव्हताच, लाल झेंड्याचा होता. कम्युनिस्ट काही सापडला नाही. पण उघडलेली फाईल मिटवायची कोणी? तिचा मुख्यालयातला क्रमांक १००-३९९३२१. त्यातलं १०० म्हणजे देशांतर्गत सुरक्षेचा वर्ग. पुढे कितीही पानं चढली तरी तो आकडा तोच.

टायपिस्ट म्हणून मला सगळ्यात रस वाटला तो अहवालाच्या पहिल्या पानात. वर चौकटी असतात: कुठल्या कार्यालयाचा अहवाल, तारीख, कुठल्या मुदतीतला तपास, कोणी केला, कोणी टाइप केला. होय, टाइप करणाऱ्यासाठी वेगळी चौकट. आमच्या वकीलसाहेबांनी कधी माझी आद्याक्षरं कुठल्या दाव्याखाली घातली नाहीत, आणि इथे गुप्त कागदावर मुद्दाम जागा ठेवलेली. एका बाजूला असते "प्रकरणाचं स्वरूप" ही चौकट. ती पान पान लावून बघितली. आधी "सुरक्षा" आणि पुढे कम्युनिस्टचा सी. मग पंथाचं नाव चुकीचं कळलेलं, त्याची आद्याक्षरं. मग नेशन ऑफ इस्लामची. १९६४ ला तो पंथातून फुटला, स्वतःची मुस्लिम मॉस्क ही संस्था काढली, मग तिची. संघटना बदलली की अक्षरं बदलायची. "सुरक्षा" तेवढं जागेवर.

खबऱ्यांना नावं नाहीत, टी-१, टी-२ असे आकडे आहेत. आणि वाक्यं सगळी एकाच साच्यातली: अमक्यानं कळवलं की अमक्या तारखेला सदर इसम म्हणाला की. हे शॉर्टहँड नव्हे. ऐकून, घरी जाऊन, आठवून लिहिलेलं आहे बहुतेक. शब्दशः उतारा कुठला आणि सारांश कुठला हे ओळीवरून कळतं. सारांशात माणसाला विनोद करता येत नाही. ह्या मालकमची जीभ तलवारीसारखी होती म्हणतात, पण टी-१ च्या हातून तो तलाठ्यासारखा बोलतो.

भाच्याच्या सेमिनारचा विषय आहे त्याचे बदलत गेलेले विचार. त्याचं म्हणणं होतं, आधी द्वेष होता, मक्केला गेला आणि प्रेम आलं. पोरांना असं सोपं लागतं. मी म्हटलं, तारखा लाव आधी.

सुरुवातीची पानं वाचवत नाहीत, हे सांगून टाकते. गोरा माणूस हा जन्मतः सैतान, त्याच्याशी मिसळायचं नाही, आम्हाला वेगळा मुलूख द्या. हारलेमच्या सात नंबरच्या देवळात, त्यांच्या भाषेत टेंपलात, तो हेच सांगत होता. जानेवारी १९६१ मध्ये तर अटलांटात कू क्लक्स क्लानच्या लोकांशी पंथाच्या वतीनं बोलणी करायला बसला होता. काळ्यांना झाडाला टांगणारे हे गोरे लोक! पण दोघांनाही वंशांची सरमिसळ नको होती, मग टेबल एक झालं. ही भेट फाईलमध्ये आहे. मरणाच्या काही दिवस आधी त्यानं ती भर सभेत स्वतःच सांगून टाकली. मला तो माणूस तिथे पहिल्यांदा आवडला.

मग १९६४ आलं. मार्चमध्ये पंथ सोडला. एप्रिलमध्ये हजला गेला आणि मक्केहून पत्र धाडलं, की निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवलो, एका पेल्यातून प्यालो, आणि आधीचं काही सोडून द्यावं लागलं. मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनं हे छापलं. २१ मेला तो परतला. विमानतळावर पत्रकारांपुढे उभा राहून म्हणाला, सगळ्या गोऱ्यांना एकाच मापात मोजणार नाही. हे काही गुपचूप कळवायची गरज नव्हती, सगळ्या जगानं वाचलं.

आता पुढची तारीख बघा. जून १९६४. त्याच्या घरच्या फोनवर कान लावला गेला तो ह्या महिन्यात. आणि एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांची न्यूयॉर्क कार्यालयाला तार गेली ती पण ह्याच महिन्यात: मालकम एक्सचं काहीतरी करा, न्यूयॉर्कमधला काळ्यांचा हिंसाचार पुरे झाला. गोऱ्यांना सैतान म्हणत होता तेव्हा खबरे बसवून ऐकलं. सैतान म्हणायचं सोडलं, तेव्हा "काहीतरी करा".

भाचा ह्यावर गप्प बसला. कारण त्याच्या सेमिनारचा आराखडाच उलटा होता. सरकारला द्वेषाची भीती होती, असं त्यानं धरलं होतं. पण पंथाच्या आतला मालकम बंदिस्त होता. त्यांच्यात निवडणुकीत मत द्यायचं नाही, मोर्चात जायचं नाही. बाहेर पडलेला मालकम मात्र मताबद्दल बोलायला लागला, मार्टिन ल्यूथर किंगच्या माणसांशी जुळवून घ्यायला लागला, जुलैमध्ये कैरोला जाऊन आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांपुढे निवेदन ठेवलं, की आमचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांत न्या, हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे. प्रेमबीम काही नाही. अमेरिकेवरचा राग तसाच, स्वसंरक्षणाचा हक्क सोडलेला नाही. फक्त आता त्या रागाला रंगाची अट नव्हती, त्यामुळे त्याच्यामागे कोणीही येऊ शकत होतं. १९६८ सालच्या मार्चमधला एफबीआयचा एक कागद आहे, त्यात कार्यालयांना सरळ सांगितलंय, की काळ्या चळवळीला एकत्र बांधणारा कोणी मसीहा उभा राहू देऊ नका, आणि मालकम एक्स तसा झाला असता. तोवर त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आम्हा बेळगावकरांना ह्यात नवीन काय म्हणा. १९१६ च्या एप्रिलअखेरीस टिळकांनी होमरूल लीग काढली ती ह्याच गावात, आणि १ मेला इथे केलेलं भाषण पोलिसांनी लघुलेखक बसवून उतरवून घेतलं. ते आणि नगरची दोन भाषणं काढून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं वीस हजारांचा जातमुचलका मागितला, वर दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. न्यायाधीशांचं म्हणणं, सुटी वाक्यं उपटून बघू नका, अख्ख्या भाषणाचा एकंदर परिणाम काय ते बघा. माझ्या शॉर्टहँडच्या वर्गात मी हा खटला सांगायची, कारण अख्खं भाषण बघायला ते अख्खं उतरलेलं असावं लागतं. पोरींना वाटायचं बाई विषय सोडून बोलतात.

आणि आत्ताचं सांगायचं तर १७ जानेवारीला हुतात्मा दिनाला जा, नाहीतर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला. साध्या कपड्यातला माणूस कोण हे शेंबडं पोर सांगेल. बूट बघायचे. आमच्या गल्लीतले एक काका तरुणपणी सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पुढे. पुढे वय झालं, मत थोडं बदललं. प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, पोरांना कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे म्हणून स्वतःच्या माडीवर संध्याकाळी कन्नडची शिकवणी घ्यायला लागले. फुकट. तरी दरवर्षी नोव्हेंबर आला की ठाण्यातला माणूस दारात हजर, काका घरात आहेत ना बघायला. एकदा आला तेव्हा शिकवणीच चालू होती, फळ्यावर मुळाक्षरं. त्यानं फळा बघितला, पोरं बघितली, चहा घेतला आणि म्हणाला, "यादीत नाव हाय काका, मी काय करू?" चांगला माणूस होता. काकांनी त्याच्या पोराला पण शिकवणीला पाठव म्हटलं आणि त्यानं पाठवलं. यादी काही बदलली नाही.

फाईलकडे परत. दुसरा खंड वाचताना झोप उडते. फोनवरच्या नोंदीत त्याला आलेल्या मरणाच्या धमक्या टिपलेल्या आहेत, नीट, तारखेसकट. १४ फेब्रुवारी १९६५ ला त्याच्या घरावर पेटत्या बाटल्या पडल्या, बायको आणि लहान मुली आत. आठवड्यानं, २१ तारखेला, ऑडुबॉन सभागृहात भर सभेत त्याला गोळ्या घातल्या. वय ३९. त्याच्या अंगरक्षकांत न्यूयॉर्क पोलिसांचा एक छुपा माणूस होता आणि तोंडानं श्वास देऊन त्याला वाचवायची धडपड त्यानंच केली. इतकी माणसं, इतके कान. आणि खुनासाठी शिक्षा झालेल्या तिघांपैकी दोघांची शिक्षा २०२१ च्या नोव्हेंबरात कोर्टानं रद्द केली, कारण त्यांच्या बाजूचे पुरावे एफबीआयनं आणि पोलिसांनी त्या वेळी पुढे ठेवलेच नव्हते. दोघांतला एक तोवर वारला होता. पुढच्या वर्षी शहर आणि राज्य सरकारनं मिळून ३ कोटी ६० लाख डॉलर भरपाई कबूल केली. हे सगळं फाईलच्या बाहेरचं, भाच्यानं सांगितलेलं. पण काळे ठोकळे बघताना ते डोक्यातून जात नाही.

आता बांधणी. शिवण पक्की आहे, खंड उघडून टेबलावर सपाट राहतो, मिटत नाही. पाठीला गर्द निळं कापड, कडांना मार्बल कागद. खळ लावताना मोरचूद घालतात, त्यामुळे झुरळ-वाळवी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. बघू पावसाळ्यात, आमच्याकडे जूनमध्ये भिंतीच ओल्या होतात.

पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायची म्हणून नाव विचारलं आणि तिथे आम्ही अडकलो. दुकानातल्या पोरानं पहिल्या पानावर बघून "मालकम के. लिटल" असा खिळा जुळवायला घेतला. त्याचं काही चुकलं नाही, फाईलवर तेच आहे, आणि खाली टोपणनावं म्हणून बाकीची. पण लिटल हे त्यानं स्वतः टाकून दिलेलं नाव. गुलामांच्या मालकानं पूर्वजांना दिलेलं, म्हणून खऱ्या हरवलेल्या नावाच्या जागी एक्स. हजनंतर तो अल-हज मलिक अल-शबाझ म्हणून सही करायचा. भाचा म्हणाला, शबाझ घाल. दुकानदार म्हणाला, "टीचर, एवढं लांब नाव पाठीवर बसणार नाही." शेवटी पहिल्या खंडावर मालकम एक्स आणि दुसऱ्यावर मलिक शबाझ. दोन नावांचे दोन ठसे, त्याचे जादा पैसे लागले. भाच्याच्या मित्राला वाटलं ही दोन वेगळ्या माणसांची पुस्तकं. वाटू दे.

तक्रार ही: कडा कापताना पोरानं हात सैल सोडला. एफबीआयच्या पानावर खाली उजवीकडे फाईल क्रमांकाचा आणि अनुक्रमाचा शिक्का असतो. पहिल्या खंडात बऱ्याच पानांचे आकडे निम्मे उडालेत. संदर्भ द्यायचा तर तोच आकडा लागतो. दाखवल्यावर दुकानदारानं वाद घातला नाही, ती पानं परत छापून वेगळी शिवून पाठीमागे पिशवीत घालून दिली, फुकट. तरी एक तारा कमी. पाचपैकी चार.

कोणी जाणार असाल तर: पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअपवरून पाठवलं की तो वैतागतो. कापायच्या आधी "खाली बोटभर जागा सोड" हे स्वतः उभं राहून सांगा, चिठ्ठी लिहून चालत नाही. दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं असतं, वाकून हाक मारली तर घेतो. शाळा-कॉलेजच्या परीक्षांच्या दिवसांत बांधणीचं काम घेतच नाही. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही लिप्यांचे खिळे आहेत, पण मराठीतला "ळ" एकच शिल्लक आहे. पाठीवर दोन "ळ" येणारं नाव असेल तर आधी विचारून घ्या.